यंत्राच्या पाठीवरचा उजेड

दिव्याखालीं अंधार, ही म्हण आपण माणसांच्या वर्तनाला लावतों. परंतु रोमन साम्राज्यांतील एका कुंभाराच्या बाबतींत ती अक्षरशः खरी होती. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत उत्तर इटलींतील मोदेना शहराच्या परिसरांत मातीचे दिवे साच्यांतून काढून दूरदूरच्या पेठांत धाडले जात. त्यांच्या तळावर 'फॉर्टिस' हें नांव उठावदार अक्षरांत असे. गिऱ्हाइकानें दुकानांत दिवा उलटा करून तें वाचावें, खात्री पटली कीं पैसे मोजावे, आणि घरीं नेऊन वात पेटविली कीं त्या नांवाखेरीज सर्व कांहीं उजेडांत यावें, असा प्रकार होता. तरीहि त्या नांवाची पत एवढी, कीं साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतले कुंभार तेंच नांव घालून नकली दिवे काढूं लागले.

आज आपल्या खिशांतील स्मार्टफोनच्या पाठीवरहि करणाऱ्याची मुद्रा असते. ही मुद्रा नुसती छापलेली नसावी, ती स्वतः उजळावी, असा हव्यास गेल्या पंचवीस वर्षांत कारागिरांस आणि कित्येक गिऱ्हाइकांसहि जडलेला दिसतो. त्याचा इतिहास लांबीनें थोडा आहे. पण त्यांत वारंवार एकच प्रश्न डोकें वर काढतो: वस्तु एकाची, नांव दुसऱ्याचें, आणि पाहणारा तिसराच. मग उजेड कोणासाठीं, आणि त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा?

प्रकाशित नांवाची हौस अर्थातच जुनी आहे. १९१० च्या डिसेंबरांत जॉर्ज क्लोद यांनीं पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत निऑनच्या नळ्या मांडल्या. आणि १९२५ पासून १९३४ पर्यंत खुद्द आयफेल मनोऱ्यावर सित्रोएन या मोटारी बनविणाऱ्या कंपनीचें नांव सुमारें अडीच लक्ष दिव्यांनीं झळकत होतें. पण तेथें जागेची ददात नव्हती. मनोऱ्यानें जें केलें, तेंच अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंत, नखाच्याच जाडींत आणि हातांत धरण्याच्या वस्तूवर करावयाचें म्हणजे काम निराळ्याच जातीचें होतें.

या प्रकरणाचा आरंभ फोनपासून न होतां लॅपटॉपपासून होतो. ॲपल कंपनीची १९७६ सालची पहिली मुद्रा रोनाल्ड वेन यांनीं काढली होती. झाडाखालीं बसलेला न्यूटन, भोंवतीं चौकट, चौकटीवर अक्षरें, असें तें बारीक रेघांचें चित्र जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाला शोभलें असतें. पुढच्याच वर्षीं रॉब जॅनॉफ यांनीं एका बाजूनें चावा घेतलेलें सहा रंगी पट्ट्यांचें सफरचंद काढलें. चावा नसता तर लहान आकारांत तें चेरीसारखें वाटलें असतें, असें कारण त्यांनीं पुढें सांगितलें आहे. १९९८ च्या सुमारास ते सहा रंगहि मागें पडूं लागले आणि नुसती एकरंगी आकृति उरली. उजेडाच्या दृष्टीनें ही आकृति मोठी सोयीची होती. आपल्याकडे पोत्यांवर पत्र्याच्या साच्यानें नांव रंगविणारा कारागीर 'व' च्या पोटांतला तुकडा गळून पडूं नये म्हणून त्याला दोन बारीक पट्ट्यांनीं धरून ठेवतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. सफरचंद आणि त्याचें सुटें पान यांत असा कोंडलेला तुकडाच नाहीं; धातूच्या पत्र्यांतून तें सरळ कापून काढतां येतें. जॅनॉफ यांना १९७७ सालीं याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें, पण न्यूटनचें चित्र कधींहि उजळलें नसतें आणि हें उजळलें, ही गोष्ट खरी.

तें प्रथम उजळलें १९९९ सालच्या पॉवरबुक जी-३ या लॅपटॉपच्या झाकणावर. त्यामागची युक्ति साधी आणि काटकसरीची होती. लॅपटॉपच्या पडद्यामागें त्याला उजळणारा दिवा असतोच. त्याचा थोडासा प्रकाश मागच्या बाजूनें बाहेर येऊं दिला, झाकणाला सफरचंदाच्या आकाराचें छिद्र पाडलें आणि त्यांत अर्धपारदर्शक तुकडा बसविला, कीं काम झालें. मुद्रेसाठीं वेगळा दिवा नाहीं, वेगळी तार नाहीं. सर्व उजेड उसना. शहरांत एखाद्याच्या भिंतीवर जाहिरात लावली तर भिंतीच्या मालकाला भाडें मिळतें. येथें भिंत गिऱ्हाइकाची, वीज गिऱ्हाइकाची, आणि जाहिरात कंपनीची. परंतु निदान वीज तरी आधींच दुसऱ्या कामासाठीं खर्च होत होती, एवढें श्रेय त्या योजनेला देणें न्याय्य होईल.

मात्र तें सफरचंद उलटें होतें! म्हणजे लॅपटॉप मिटून समोर ठेवला असतां मालकाला तें सुलट दिसे, आणि झाकण उघडलें कीं समोर बसलेल्यास उलटें. त्या कंपनींत काम केलेल्या एका गृहस्थांनीं २०१२ सालीं लिहिलेल्या हकीकतीप्रमाणें, हा प्रश्न कचेरींत रीतसर विचारला गेला होता. मुद्रा समोरच्यासाठीं सुलट बसविली तर मालक लॅपटॉप चुकीच्या बाजूनें उघडूं पाहतो, असें आढळलें होतें. म्हणून आधीं मालकाची सोय पाहिली गेली. कांहीं वर्षांनीं हा निर्णय फिरविण्यांत आला. मालकाला आपल्या यंत्राची बाजू चार दिवसांत कळते, पण पाहणाऱ्यांस उलटें नांव रोज दिसतें, असा त्यामागचा विचार. व्यापाराच्या दृष्टीनें तो बिनतोड आहे. फॉर्टिसच्या दिव्यावरचें नांव घेणाऱ्यानें एकदां वाचावयाचें होतें; हें नांव, ज्याला वस्तु घ्यावयाची आहे किंवा नाहीं हें अजून ठाऊकहि नाहीं, अशानें वाचावयाचें होतें. पुढें व्याख्यानगृहांत आणि उपाहारगृहांत ओळीनें उजळलेलीं सफरचंदें दिसूं लागलीं तीं यामुळें.

उसन्या उजेडाला एक खोड होती. ज्या वाटेनें प्रकाश बाहेर जातो त्याच वाटेनें तो आंतहि येतो. पाठीमागून कडक ऊन पडलें म्हणजे पडद्याच्या मध्यभागीं सफरचंदाच्या आकाराचा फिका डाग उमटे, आणि काम करणाऱ्यास आपल्या लिखाणांत कंपनीची मुद्रा तरंगतांना दिसे. येथें चीनमधील जुन्या काशाच्या आरशांची आठवण येते. त्यांच्या पाठीवर उठावाची नक्षी असते आणि पुढची बाजू पाहण्यास अगदीं गुळगुळीत. पण ऊन परावर्तित करून भिंतीवर पाडलें कीं त्या कवडशांत पाठीवरची नक्षी उमटते. घांसतांना पातळ पत्रा जाड-पातळपणाप्रमाणें किंचित् वांकतो, डोळ्यांस तें कळत नाहीं, उजेडास कळतें. विल्यम ब्रॅग यांनीं १९३२ सालीं त्याचा उलगडा केला. वस्तु फार पातळ झाली म्हणजे तिची पाठ पोटांत दिसूं लागते, हें त्या काशाच्या कारागिरांनीं कौतुकाचें करून दाखविलें; लॅपटॉप करणाऱ्यांस तेंच नडलें. २०१५ सालीं ॲपलनें अवघ्या १३.१ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप काढला तेव्हां त्यावरचें सफरचंद चकचकीत धातूचें होतें, उजळणारें नव्हतें. २०१६ सालच्या मोठ्या लॅपटॉपांवरूनहि तो उजेड गेला.

आतां फोनकडे वळूं. येथें उसना उजेड मिळत नाहीं, आणि साऱ्या अडचणीचें मूळ तें आहे. फोनचा पडदा एका बाजूस, मुद्रा दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंच्या मध्यें बॅटरीची अपारदर्शक वडी. पडद्याचा प्रकाश पाठीपर्यंत पोंचण्यास वाटच नाहीं. तेव्हां मुद्रेला स्वतःचा दिवा हवा, आणि त्या दिव्यास जाडी हवी. २००७ सालचा पहिला आयफोन ११.६ मिलिमीटर जाड होता, २०१० सालचा चौथा ९.३, आणि २०१४ सालचा सहावा ६.९. ज्या व्यवसायांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शासाठीं झगडा चालतो, तेथें केवळ नांव उजळण्यासाठीं अर्धा मिलिमीटर मागणें म्हणजे बॅटरीच्या तोंडचा घांस काढून घेणें होय. ॲपलनें आपल्या फोनची मुद्रा उजळली नाहीं, यांत नवल नाहीं.

गिऱ्हाइकांनीं मात्र ती उजळली! चौथ्या आयफोनची पाठ कांचेची होती आणि खालचे दोन स्क्रू काढले कीं ती सरकून निघे. ही संधि साधून पारदर्शक सफरचंदाची कांच आणि तिच्यामागें बसणारा कागदासारखा पातळ दिवा असा जोड परस्पर विकला जाऊं लागला. तो वीज घेई फोनच्याच बॅटरींतून. कंपनीची जाहिरात आपल्या पैशानें, आपल्या हातानें, हमी गमावण्याचा धोका पत्करून लोक करूं लागले, हा प्रकार मला या सर्व इतिहासांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो. दागिना म्हणून पाहिलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पण दागिन्यावर सोनार आपलें नांव एवढें मोठें घालीत नाहीं.

असा पातळ दिवा करण्याच्या मुख्य रीति दोन. पहिलीचा उगम १९३६ सालचा. त्या वर्षीं जॉर्ज देस्त्रिओ या फ्रेंच शास्त्रज्ञानें झिंक सल्फाइडच्या पुडीवर उलटसुलट दिशांनीं बदलणारा विद्युद्दाब दिला, तेव्हां ती पूड, न तापतां, उजळली. तीच पूड दोन विद्युद्वाहक पापुद्र्यांच्या मध्यें सारवावी, वरचा पापुद्रा पारदर्शक असावा, कीं अर्ध्या मिलिमीटरहून पातळ आणि वांकणारा दिवा तयार होतो. १९६० च्या क्रायस्लर मोटारींतील वेगमापकांत, १९९२ पासून टायमेक्सच्या घड्याळांत आणि २००४ च्या मोटोरोला रेझर फोनच्या बटनांखालीं हाच उजेड होता. त्याची प्रभा शांत आणि सर्वत्र सारखी पडते, मुद्रेला ती शोभतेहि. परंतु त्याला शंभर व्होल्टच्या आसपास दाब लागतो, तो दाब निर्माण करणारा लहानसा तुकडा बारीक गुणगुणतो, आणि दमट हवेनें पूड निस्तेज होत जाते.

दुसरी रीति म्हणजे ॲक्रिलिकच्या पातळ पट्टीच्या कडेला एलईडीचा कण ठेवणें. पाण्याच्या धारेंत शिरलेला प्रकाश धारेबरोबर वळतो, हें जिनिव्हाच्या दानियेल कोलादों यांनीं १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच न्यायानें पट्टींत शिरलेला प्रकाश आंतल्या आंत परावर्तित होत पुढें धांवतो आणि बाहेर पडत नाहीं. पट्टीच्या पाठीवर बारीक ठिपके उमटविले, कीं त्यांवर आपटून तो वर उसळतो. ठिपके दिव्याजवळ विरळ आणि लांब गेल्यावर दाट ठेवावे लागतात. सर्वत्र सारखे ठेवले तर जवळचें टोंक झगझगतें आणि दूरचें मळकट राहतें. या रीतीला खरें बळ आलें तें १९९३ सालीं शूजी नाकामुरा यांनीं प्रखर निळा एलईडी सिद्ध केल्यावर. निळ्यावर पिवळें चूर्ण चढविलें कीं पांढरा उजेड मिळतो. अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच कामासाठीं.

दिवा झाला तरी मुद्रा होत नाहीं. उजळलेली रेघ डोळ्यांस आहे त्याहून जाड दिसते. म्हणून छापण्यासाठीं काढलेली आकृति तशीच उजळली तर तिचे कोपरे बोथट होतात आणि आंतल्या पोकळ्या बुजतात. कारागिरास रेघ मुद्दाम बारीक करावी लागते, आणि कडेनें प्रकाश झिरपूं नये म्हणून कांचेच्या आंतून काळ्या शाईचे थर द्यावे लागतात. शिवाय दिवसा, दिवा विझलेला असतांना, तीच जागा फुटक्या खिडकीसारखी दिसूं नये, हें पाहावें लागतें. त्यांत २०१७ पासून आयफोनच्या पाठीमागें तारेविना वीज घेणारें वेटोळें येऊन बसलें, आणि २०१९ सालीं मुद्राहि सरकून पाठीच्या मधोमध, त्याच वेटोळ्यावर आली. जेथें दिवा हवा तेथेंच ही नवी गर्दी.

तरीहि २०१८ सालीं आसुस कंपनीनें खेळासाठीं काढलेल्या आरओजी फोनच्या पाठीवर मुद्रा उजळून दाखविलीच. तिचा रंग मालकाला बदलतां येतो, आणि नको असेल तर ती विझवितांहि येते. विझविण्याची ही मुभा मला रंगांहून मोलाची वाटते.

पाठीवरच्या उजेडाचा याहून उपयोगी वापर त्यापूर्वींच, फारसा गाजावाजा न होतां, सुरू झाला होता. २०११ सालीं आयफोनमध्यें अशी सोय आली, कीं फोन आला असतां छायाचित्रासाठीं असलेला पाठीवरचा दिवा लुकलुकावा. ती होती ज्यांना घंटा ऐकूं येत नाहीं त्यांच्यासाठीं. तेथें उजेडांत कोणाचेंहि नांव नव्हतें. निरोप होता, आणि तो मालकाला होता.

हाच धागा २०२२ सालीं लंडनच्या नथिंग या कंपनीनें उचलला. तिच्या पहिल्या फोनच्या पारदर्शक पाठीखालीं नऊशेंहून अधिक एलईडी पांढऱ्या पट्ट्यांत मांडलेले होते. फोन पालथा ठेवावा, आणि कोण बोलावतें आहे, बॅटरी किती भरली, हें त्या पट्ट्यांच्या उघडझापीवरून ओळखावें, अशी योजना. त्या पट्ट्यांत कंपनीचें नांव कोठेंहि उजळत नाहीं. लांबून पाहणाऱ्यास कंपनी मात्र चटकन् ओळखूं येते. नांव न लिहितां नांव सांगण्याची ही तऱ्हा चतुर आहे, आणि समोरच्यासाठीं उजेड कीं मालकासाठीं, हा जुना वाद तिनें दोघांनाहि थोडें थोडें देऊन मिटविल्यासारखा केला. २०२५ च्या जुलैंत आलेल्या त्याच कंपनीच्या तिसऱ्या फोनवर त्या पट्ट्या नाहींत. पाठीच्या वरच्या कोपऱ्यांत ४८९ प्रकाशबिंदूंची एक वाटोळी चकती आहे. तीवर घड्याळ दिसतें, चित्रें दिसतात, आणि मित्रमंडळींत बाटली फिरवून कोणाची पाळी तें ठरविण्याचा खेळहि खेळतां येतो.