चाळीस फुटांवरचं थांबणं

सी किंगचं नाव काढलं की लोकांना सी ईगल क्षेपणास्त्र आठवतं, नाहीतर टीव्हीवर दोरावरून झरझर उतरणारे मार्कोस कमांडो. दोन्ही कामं या हेलिकॉप्टरने केली, नाही असं नाही. पण ते मुळात बांधलं गेलं एका जागी थांबण्यासाठी. भर समुद्रात, पाण्यापासून चाळीसेक फुटांवर थांबायचं, पोटातून केबलने सोनारचा गोळा खाली सोडायचा आणि पाण्यात काय चाललंय ते ऐकायचं. मी इंजिनवाला. नौदलाच्या हवाई शाखेत मेकॅनिक म्हणून नोकरी केली, त्यामुळे ऐकण्याचं काम माझं कधीच नव्हतं. माझं काम ते थांबणं टिकवण्याचं.

थांबायचं का, तर पाणबुडी शोधणाऱ्या जहाजाची एक जुनी पंचाईत आहे. वेगाने गेलं तर स्वतःच्या पंख्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही. हळू गेलं तर ऐकू येतं, पण तेच सावज होतं. शिवाय आपला अरबी समुद्र वर तापलेला आणि खाली गार. हे दोन थर जिथे मिळतात तिथे ध्वनी वाकतो, आणि जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारला त्या थराखाली दडलेली पाणबुडी सापडणं मुश्कील होतं. हेलिकॉप्टरचा गोळा त्या थराच्याही खाली जातो. ऐकून झालं की गोळा वर घ्यायचा, काही मैल उडून पुन्हा सोडायचा. सोनारची हाक पाणबुडीला ऐकू येते, पण पुढची हाक कुठून येणार हे तिला कळत नाही. दोन हेलो, म्हणजे हेलिकॉप्टरं, असले की एक ऐकतो, दुसरा पुढची जागा गाठतो. पाणबुडीच्या कप्तानाला जहाजापेक्षा हेलिकॉप्टरची धास्ती जास्त, ती एवढ्यासाठीच.

हे सुचलं अमेरिकनांना. दुसरं महायुद्ध संपता संपता त्यांनी हेलिकॉप्टरमधून सोनार पाण्यात सोडून पाहिला होता. अडचण वजनाची होती. 1954 साली उडालेलं सिकोर्स्की कंपनीचं एचएसएस-1 सोनार उचलायचं किंवा टॉर्पेडो, दोन्ही एकदम त्याला झेपत नसत. म्हणून जोडी जायची, एकाने हुडकायचं आणि दुसऱ्याने मारायचं. मार्च 1959 मध्ये त्याच कंपनीचं एचएसएस-2 उडालं, तेच सी किंग. पिस्टनच्या जागी दोन टर्बाइन इंजिनं आली आणि दोन्ही कामं एकाच हेलिकॉप्टरात बसली. खालचा भाग होडीसारखा, पाच पात्यांचा पंखा सुमारे 19 मीटर व्यासाचा, शेपटीसकट घडी होणारा. इंग्लंडात येओव्हिलच्या वेस्टलँड कंपनीने परवाना घेऊन ते स्वतःच्या पद्धतीने बांधलं. त्यात रोल्स-रॉइसची नोम इंजिनं घातली, पोटात प्लेसीचा सोनार. आपल्याकडे आलं ते हे इंग्रजी रूप, मार्क 42. सगळा भार घेतला की वजन साडेनऊ टनांच्या आसपास.

1971 च्या एप्रिलमध्ये कोचीला 330 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, नाव हार्पून्स. त्याच डिसेंबरात युद्ध झालं. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपली फ्रिगेट खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. खुकरीच्या सोनारवर त्या वेळी एक सुधारणा करून पाहणं चाललं होतं, आणि त्यासाठी तिचा वेग कमी ठेवलेला होता. वर सांगितलेली पंचाईत इतक्या क्रूरपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. पुढचे काही दिवस जहाजांनी, विमानांनी आणि सी किंगनी हंगोरला शोधलं. ती निसटून कराचीला पोचली.

सी किंग आधी पाठवले असते तर खुकरी वाचली असती, असं छातीठोक सांगणारे मला भेटतात. मी तसं म्हणणार नाही. स्क्वाड्रन जेमतेम आठ महिन्यांची होती. आणि खुकरी किंवा तिच्यासोबतच्या कृपाणवर सी किंग उतरवायचा कुठे? त्या जहाजांना हेलिकॉप्टरचा डेकच नव्हता. विमानवाहू विक्रांत पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. म्हणजे किनाऱ्यावरून उडायचं, जाण्यायेण्यात इंधन जाळायचं आणि उरलेल्या वेळात ऐकायचं. जो हेलो जहाजाबरोबर राहत नाही, तो जहाजाला ऐन वेळी मिळत नाही. माझ्या मते 71 चा खरा धडा हा होता, आणि तो गिरवला गेला माझगाव गोदीत.

गोदीत लिअँडर जातीची फ्रिगेट बांधायचं काम आधीपासून चालू होतं. पहिली निलगिरी 1972 साली नौदलात आली. तिच्यावर छोटं अल्युएत, म्हणजे आपलं चेतक, मावायचं. चेतक टॉर्पेडो नेऊन टाकायचं, पण त्याला स्वतःचा सोनार नव्हता. जहाज सांगेल तिथे टाकायचं. शेवटच्या दोन जहाजांच्या वेळी, तारागिरी (1980) आणि विंध्यगिरी (1981), आपल्या लोकांनी मूळ इंग्रजी नकाशाचा मागचा भाग बदलला. डेक वाढवला, सी किंग मावेल असं हँगर बसवलं. लहान जहाजावर मोठं हेलिकॉप्टर ठेवायची युक्ती कॅनडाच्या नौदलाने साठच्या दशकात साधली होती. हेलो डेकवर तरंगत थांबतो, खाली दोर सोडतो. त्या दोराला बांधून जहाजाची पोलादी केबल वर जाते, हेलोच्या पोटाला अडकते, आणि जहाजावरचा विंच तिला सारख्या ताणाने ओढत राहतो. जहाज वरखाली होत असताना पायलट योग्य क्षण पाहून खाली येतो, आणि डेकवरचा पोलादी सापळा त्याला पकडतो. आपले मार्क 42ए याच पद्धतीसाठी घेतले होते.

मग 10 डिसेंबर 1983 ला गोदावरी आली. लिअँडरच्याच सांगाड्यावरून पुढे नेलेलं, आपल्या नौदलाने आखलेलं जहाज, साडेतीन-पावणेचार हजार टनांचं, आणि त्यावर एक नाही, दोन सी किंग. एवढ्या आकाराच्या जहाजावर त्या जातीचे दोन हेलो तेव्हा दुसरं कुणी ठेवत नव्हतं. परदेशी पाहुणे हँगरमध्ये येऊन वर-खाली बघत राहायचे. गोदीत काम करणारे वेल्डर, फिटर बरेचसे कोकणातले, राहायला लालबाग-परळकडे. त्याच भागातल्या गिरण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांनी हे हँगर जुळवलं त्यांच्यावर चार ओळीही माझ्या वाचनात नाहीत.

पुढे मार्क 42बी आले. नवा फ्रेंच सोनार, नवं रडार, इटालियन टॉर्पेडो, सी ईगल. तोवर रशियन विनाशिकांबरोबर कामोव्ह हेलोही आले होते, एकावर एक उलट फिरणारे दोन पंखे आणि शेपटीला पंखा नाही. कामोव्हवाले आणि आम्ही यांच्यात कुणाचं यंत्र दणकट यावर वाद चालायचे. दणकट त्यांचं होतं. पण लांब पल्ला आणि आत चार माणसांना नीट काम करता येईल अशी जागा आमची.

चाळीस फुटांवर पंखा फिरला की खालचं पाणी धुक्यासारखं वर उठतं आणि ते खारं धुकं इंजिन ओढून घेतं. क्षार काँप्रेसरच्या पात्यांवर बसतो, ताकद उतरते, आणि होव्हरमध्ये ताकद उतरणं म्हणजे काय हे पायलटला सांगावं लागत नाही. म्हणून उड्डाण संपलं की इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. जहाजावर आमच्या आंघोळीला पाणी मोजून मिळे, इंजिनाला मात्र पहिला मान. मग सांधे पुसायचे, ग्रीस भरायचं, खिळ्याच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते का ते बॅटरीने बघायचं. ॲल्युमिनियम गंजतं ते असं, लोखंडासारखं तांबडं होऊन ओरडत नाही. सी किंग बाहेरून नीटनेटका दिसला की आमचा तपासणीस जास्त संशय घ्यायचा.

आत सोनारवाल्याचं दुःख वेगळं. किनाऱ्याजवळ कोळंबीची चटचट, डॉल्फिनच्या शिट्ट्या, आणि रत्नागिरी-मालवणकडे ट्रॉलरची इंजिनं. यातून पाणबुडी वेगळी काढायची. हाकेचा प्रतिध्वनी मूळ सुरापेक्षा चढा आला तर समोरची वस्तू जवळ येते आहे, उतरता आला तर लांब जाते आहे. चांगला ऑपरेटर पडद्याकडे बघण्याआधी हे कानाने सांगायचा. बहुतेक वेळा उत्तर एकच असे, काही नाही. आपल्या सी किंगने युद्धात एकही पाणबुडी बुडवलेली नाही. ज्या पट्ट्यात पाणबुडी नाही हे खात्रीने सांगता येतं, तिथून ताफा जाऊ शकतो, आणि या धंद्याचा हिशेब तिथेच होतो.

1998 च्या मे महिन्यात पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. हेलिकॉप्टर इंग्रजी असलं तरी आतले कितीतरी भाग अमेरिकन, त्यामुळे सुटे भाग थांबले. मग रॉब करणं आलं. एका हेलोचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, तिसऱ्याला उडता ठेवायला दोघांना हँगरच्या कोपऱ्यात उघडं करून ठेवायचं. कागदावर स्क्वाड्रन पूर्ण, डेकवर मोजकेच. निर्बंध 2001 च्या सप्टेंबरमध्ये उठले, पण उघडे पडलेले सगळे पुन्हा उडाले नाहीत. सी किंग म्हातारा झाला म्हणून मागे पडला असं म्हणतात. त्याच्या म्हातारपणात या तीन-सव्वातीन वर्षांचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

 सी किंगच्या जागी फेब्रुवारी 2020 मध्ये चोवीस एमएच-60आर सीहॉक घ्यायचं ठरलं. त्यांची पहिली स्क्वाड्रन, क्रमांक 334, मार्च 2024 मध्ये कोचीला उभी राहिली. सिकोर्स्कीच पुन्हा, या वेळी थेट अमेरिकेतून. तळ होडीसारखा नाही, सोनार जास्त खोल जातो, आणि संगणक ट्रॉलर आपोआप बाजूला काढतो असं ऐकतो. कोकण किनाऱ्यावर आता ट्रॉलर इतके वाढलेत की त्याला पुरेसं काम मिळेल.