मशरूमवरचे तपकिरी डाग आणि ब्लीचिंग पावडर: नेमकं प्रकरण काय?

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर खरेदी करताना बटण मशरूमच्या टोपीवर तपकिरी डाग दिसला, की ‘शिळं झालंय’ म्हणून आपण पाकीट परत ठेवतो. दाबल्या-घासल्यानेही मशरूम काळवंडतं, हे खरं. पण डाग किंचित खोलगट आणि चिकट असेल, तर तो बहुधा रोग असतो. नाव बॅक्टेरियल ब्लॉच.

हे करतं कोण?

‘स्यूडोमोनास टोलासी’ नावाचा जिवाणू. अमेरिकेत 1915 मध्ये टोलास यांनी या रोगाचं वर्णन केलं, त्यांचंच नाव पुढे जिवाणूला मिळालं. तो टोलासिन नावाचं विष सोडतो, ते मशरूमच्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. हा जिवाणू पाण्यात आणि बेडवरच्या केसिंगच्या थरात असतोच. पाणी मारल्यावर टोपी दोन-तीन तासांत सुकली नाही, की त्याचं फावतं. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत ही जोखीम वेगळी सांगायला नको.

मग ब्लीचिंग पावडर कशाला?

पाण्यातले जिवाणू मारायला. बेडवर मारायच्या पाण्यात साधारण 150 पीपीएम, म्हणजे लिटरला 150 मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात. 100 लिटरला 15 ग्रॅम क्लोरीन झालं. पावडरीत ते 30 टक्के धरलं, तर 50 ग्रॅम पावडर लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच की? असतं, पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते किमान 0.2 मिलिग्रॅम आहे. कुठे 0.2, कुठे 150!

इथे दोन गोची आहेत. उघड्या डब्यातली पावडर हळूहळू निकामी होते, त्यामुळे जुन्या पावडरीचा हिशेब चुकतो. शिवाय माती आणि कंपोस्टला लागताच क्लोरीन खर्ची पडतं, त्यामुळे पडलेला डाग त्याने जात नाही. पंखा, खेळती हवा आणि स्थिर तापमान हे माझ्या मते औषधापेक्षा मोठे उपाय आहेत. तापमान वरखाली झालं की टोपीवर दव साचतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

पावडर टॉयलेट क्लीनरसारख्या आम्लात कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डागाळलेलं खायचं का?

हा मशरूमचा रोग आहे, माणसाचा नव्हे. लहान डाग कापून टाकता येतो. बुळबुळीत झालं असेल किंवा वास येत असेल, तर सरळ फेकून द्या.