मॉड बसवलेल्या व्हिडिओ गेमसाठी लॅपटॉपची निवड

मॉड म्हणजे व्हिडिओ गेममध्ये मूळ निर्मात्यांव्यतिरिक्त इतरांनी, बहुधा हौशी खेळाडूंनी, केलेला बदल किंवा घातलेली भर होय. असे शेकडो मॉड एकत्र बसवून खेळण्यासाठी लॅपटॉप निवडताना खेळाच्या विक्रीपानावर दिलेली संगणकाची किमान व शिफारस केलेली आवश्यकता फारशी उपयोगी पडत नाही. कारण संगणकावर पडणारा भार मूळ खेळापेक्षा मॉडमुळेच अधिक असतो. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा 'द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम' हे याचे सर्वपरिचित उदाहरण असून या लेखातील बहुतांश विवेचन त्याच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी

स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये निर्मात्यांनी 'क्रिएशन किट' हे संपादन-साधन सर्वांसाठी खुले केले आणि मॉडनिर्मितीला वेग आला. मूळ खेळ ३२-बिट असल्यामुळे संगणकात कितीही रॅम असली तरी त्याला ४ जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नसे. मोठी टेक्स्चर व नवी पात्रे भरत गेल्यावर खेळ मध्येच बंद पडणे ही त्या काळातील नित्याची तक्रार होती.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली 'स्पेशल एडिशन' ही आवृत्ती ६४-बिट होती. तिच्यामुळे जुनी भिंत पडली. पण मर्यादा नाहीशी झाली नाही, ती सॉफ्टवेअरकडून यंत्राकडे सरकली. या आवृत्तीसाठी ८ जीबी रॅम, १२ जीबी मोकळी जागा आणि जीटीएक्स ७८० किंवा आर९ २९० या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड अशी शिफारस आहे. आजचा साधारण गेमिंग लॅपटॉप ही अट सहज पूर्ण करतो आणि तरीही मोठ्या मॉडसंचापुढे अडखळतो.

ग्राफिक्स स्मृती

ग्राफिक्स चिपची स्वतःची स्मृती, म्हणजे व्हीरॅम, हा निवडीतील सर्वांत महत्त्वाचा घटक होय. वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवल्या जाणाऱ्या चित्रांना टेक्स्चर म्हणतात. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर संक्षेप न करता ठेवल्यास ६४ एमबी जागा व्यापते. बीसी७ या प्रचलित संक्षेपपद्धतीने ते १६ एमबीवर येते. दूरवरून दिसण्यासाठी लागणाऱ्या त्याच्याच लहान प्रती धरल्यास सुमारे २१ एमबी होते. याच हिशेबाने २०४८ पिक्सेलच्या टेक्स्चरला केवळ ५.३ एमबी लागतात. बाजू दुप्पट केली की स्मृती चौपट लागते, हे नवखे खेळाडू हमखास विसरतात. शिवाय एका वस्तूला एकच टेक्स्चर पुरत नाही. रंग, उंचसखलपणा आणि चकाकी यांसाठी निरनिराळी टेक्स्चर लागू शकतात.

व्हीरॅम भरली की उरलेली टेक्स्चर संगणकाच्या मुख्य रॅममध्ये ठेवली जातात. तिथून ती चिपपर्यंत आणण्यास वेळ लागतो, म्हणून चालता चालता दृश्य क्षणभर गोठते. दर सेकंदाच्या चौकटींची सरासरी पाहिली तर हा दोष लपून राहतो. त्यामुळे केवळ सरासरीवर आधारलेल्या चाचण्यांवरून निष्कर्ष काढू नये.

'४के टेक्स्चर' या नावाचा पडद्याच्या ४के रिझोल्यूशनशी थेट संबंध नाही. १९२० × १०८० च्या पडद्यावर बहुतेक लहान वस्तूंसाठी २०४८ किंवा १०२४ पिक्सेलची टेक्स्चर पुरेशी ठरतात. ६ जीबी व्हीरॅमचा लॅपटॉप आधीच घेतलेला असेल, तर हाच उपाय सर्वांत स्वस्त आहे.

एकच नाव, वेगळी चिप

लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप आणि त्याच नावाचे डेस्कटॉप कार्ड समान नसतात. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० डेस्कटॉपसाठी प्रथम १२ जीबी व्हीरॅमसह आले, तर लॅपटॉपमध्ये ६ जीबीसह. आरटीएक्स ४०७० बाबत हे आकडे अनुक्रमे १२ व ८ असे आहेत. त्यातही लॅपटॉपमधील ४०७० ला किती वीज द्यायची हे लॅपटॉपचा निर्माता ३५ ते ११५ वॅटच्या दरम्यान ठरवतो. परिणामी एकच चिप असलेल्या दोन लॅपटॉपच्या कामगिरीत लक्षणीय तफावत पडते. जाहिरातीत चिपचे नाव ठळक असते. वॅटचा आकडा मात्र तपशिलाच्या तक्त्यात शोधावा लागतो.

प्रोसेसर आणि पडदा

स्कायरिममध्ये दृश्य रचण्याच्या सूचनांचा बराचसा भार मोजक्या गाभ्यांवर पडतो. गावात नवी झाडे, घरे आणि माणसे भरणारे मॉड बसवल्यावर अधिक गाभ्यांपेक्षा एकेका गाभ्याचा वेग उपयोगी पडतो.

मूळ स्वरूपात या खेळातील भौतिक हालचालींची गणना चौकटींच्या गतीशी बांधलेली आहे. सेकंदाला ६० चौकटींच्या पुढे गेल्यास टेबलावरची भांडी आपोआप उडू लागतात. हा दोष दुरुस्त करणारे मॉड उपलब्ध आहेत. पण जड मॉडसंचात ६० चौकटी टिकवणेच कठीण असल्याने केवळ २४० हर्ट्झच्या पडद्यासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही.

रॅम आणि साठवण

१६ जीबी रॅम ही व्यवहारातील किमान, तर ३२ जीबी ही निश्चिंत राहण्याजोगी मर्यादा होय. रॅम बोर्डावर सांधलेली आहे की बदलता येते, हे खरेदीपूर्वी तपासावे. मोठ्या मॉडसंचाला १०० जीबीहून अधिक जागा लागू शकते. उतरवलेल्या मूळ फायली जपून ठेवल्यास त्यांची जागा वेगळी धरावी लागते. म्हणून १ टीबी एसएसडी योग्य. दुसऱ्या एसएसडीसाठी मोकळी खाच असल्यास उत्तम.

माइनक्राफ्टचा अपवाद

'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीला वरील क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. तिची मूळ टेक्स्चर केवळ १६ × १६ पिक्सेलची असल्याने व्हीरॅमवर फारसा ताण येत नाही. रॅम व प्रोसेसर यांचा कस लागतो. खेळाला किती रॅम द्यायची हे खेळाडूला ठरवता येते. मात्र गरजेपेक्षा फार अधिक दिल्यास जावाच्या स्मृती-सफाईचे थांबे लांबू शकतात.

उष्णता व वीज

चिप ठरावीक तापमानाला पोहोचली की आपला वेग स्वतःहून कमी करते. पंखे खोलीतीलच हवा आत ओढतात. त्यामुळे वातानुकूलित दालनात घेतलेल्या चाचणीचे आकडे मे महिन्यात विदर्भातील घरात मिळतील अशी अपेक्षा धरता येत नाही. जाडजूड बांधणीचे लॅपटॉप दिसायला ओबडधोबड असले, तरी या बाबतीत सहसा सरस ठरतात. बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळत नाही. वीजपुरवठा खंडित झाला की लॅपटॉप चालू राहतो, खेळाचा वेग मात्र घसरतो.

कार्यप्रणाली

स्कायरिमची मॅकओएस आवृत्ती निघालेली नाही, आणि 'मॉड ऑर्गनायझर २' सारखी प्रमुख साधने विंडोजसाठी लिहिलेली आहेत. लिनक्सवर 'प्रोटॉन'च्या साहाय्याने खेळ चालतो. मॉडची साधने बसवण्यास मात्र जास्त खटपट करावी लागते.

डेस्कटॉपशी तुलना

डेस्कटॉपमधील ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसवता येते. गेमिंग लॅपटॉपमध्ये चिप आणि तिची व्हीरॅम बहुधा मुख्य बोर्डावरच सांधलेली असते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी निवडलेला आकडा अखेरपर्यंत कायम राहतो. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा वारंवार जागा बदलणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अनेकदा लॅपटॉपशिवाय पर्याय नसतो. अशा वेळी मर्यादित रकमेत १६ जीबी रॅम व ८ जीबी व्हीरॅमचे यंत्र हे ३२ जीबी रॅम व ६ जीबी व्हीरॅमच्या यंत्रापेक्षा श्रेयस्कर होय, कारण रॅम बदलण्याची सोय असल्यास ती पुढे वाढवता येते.