प्रतिकृती रेल्वेचा साजसरंजाम

रेल्वेच्या इतिहासाकडे वळणाऱ्याची दृष्टी प्रथम इंजिनाकडे जाते, हे स्वाभाविक आहे. इंजिनाला क्रमांक असतो, जन्मवर्ष असते, कारखान्याचे नाव असते. आणि निवृत्तीनंतर एखाद्या भाग्यवंताला संग्रहालयात मानाची जागाही मिळते. नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले, नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय २००२ साली सुरू झाले, आणि काही जुन्या इंजिनांची कायमची सोय लागली. परंतु फलाटावरील बाक, वाळूने भरलेल्या लाल बादल्या, रुळाच्या तुकड्याची टांगलेली घंटा, हमालाच्या दंडावरील पितळी बिल्ला, पिण्याच्या पाण्याचे माठ, यांची नोंद कोणी ठेवावयाची? आम्हा सरकारी नोकरांना दप्तराचा न्याय चांगला ठाऊक असतो : ज्याची नोंद नाही, ते जणू घडलेच नाही. हा न्याय किरकोळ वस्तूंना फार कठोरपणे लागू पडतो.

ही नोंद ठेवण्याचे काम, बहुधा नकळत, एका लहानशा छंदाने केले आहे. तो छंद म्हणजे प्रतिकृती रेल्वेची मांडणी करणे, आणि त्यातही तिच्या साजसरंजामाची रंगरंगोटी करणे. त्याचा इतिहास थोडक्यात पाहून आपल्या रायपूरच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जर्मनीतील ग्योपिंगेन गावच्या मार्कलिन या खेळणी बनविणाऱ्या घराण्याने १८९१ सालच्या लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की, रुळांचे अंतर ठरीव मापाचे होते. त्यामुळे आज एक डबा, पुढील वर्षी दुसरा, असे खेळणे वाढविता येऊ लागले. खेळणे वाढू लागताच स्टेशन हवे झाले, सिग्नल हवा झाला, आणि स्टेशन आले म्हणजे माणसे ओघानेच आली.

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास प्रारंभ केला. त्यांचे रंगकाम मुख्यत्वे स्त्रिया करीत, आणि त्यांतील पुष्कळजणी ते घरी बसून करीत. पुढे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली मेकॅनोचा शोध नोंदविला, १९२० साली आगगाड्या काढल्या आणि १९३१ साली त्या आगगाड्यांसाठी स्टेशनचे नोकर, उतारू व शेतावरची जनावरे अशी चिमुकल्या आकृत्यांची पुडकी विक्रीस आणली. याच मालिकेत थोड्या वर्षांनी मोटारगाड्यांची भर पडली आणि १९३४ साली तिला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आपल्या पिढीतील कित्येकांनी ज्या डिंकी मोटारी पाहिल्या, त्यांचे मूळ असे रेल्वेच्या फलाटावर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिसे मागे पडले व प्लॅस्टिक आले. लहान मुलांच्या हाती शिसे देणे घातक, हेही पुढे सर्वमान्य झाले. जर्मनीत १९४६ साली फालर बंधूंनी इमारतींच्या, तर १९४९ साली प्रायझरने माणसांच्या प्रतिकृतींचा उद्योग आरंभिला. जगभर सर्वाधिक रूढ असलेले ‘एचओ’ हे प्रमाण मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाचे असते. म्हणजे प्रत्यक्षातील एका फुटास साडेतीन मिलिमीटर. साडेपाच फूट उंचीचा गृहस्थ येथे एकोणीस मिलिमीटरांचा होतो. त्याच्या चेहऱ्यावर मिशी काढावयाची, तर कुंचल्याला किती केस असावेत, याची कल्पना वाचकांनीच करावी!

या रंगकामाची रीत सर्वत्र साधारण सारखीच आहे. आकृती प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावयाची, कारण साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. नंतर अस्तराचा हात. त्यावर मूळ रंगाचे पातळ थर. मग काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून सोडावयाचा, म्हणजे तो कपड्याच्या चुण्यांत उतरून सावली दाखवितो. आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासावयाचा, म्हणजे तेथे ऊन पडल्यासारखे दिसते. रंग डबीतून आला तसा वापरीत नाहीत. त्यात थोडा पांढरा वा राखाडी मिसळतात. दूरच्या वस्तूचा रंग फिका दिसतो, आणि प्रतिकृती ही दुरून पाहिलेलीच वस्तू असते. चकाकी तर मुळीच चालत नाही.

परंतु खरी कसोटी याच्या पुढे आहे. नवा कोरा सिग्नल रंगविणे सोपे. तीस पावसाळे पाहिलेला सिग्नल रंगविणे कठीण. गंज कोठून सुरू होतो, वाफेच्या इंजिनाची काजळी छपराच्या कोणत्या भागावर बसते, ब्रेकच्या लोखंडाची तांबूस धूळ डब्याच्या खालच्या अंगास कशी चिकटते, बाकाचा रंग माणसे बसून नेमका कोठे उडतो, हे ज्याने डोळसपणे पाहिले असेल त्यालाच ते साधते. म्हणूनच या कामाला मी केवळ करमणूक म्हणत नाही. ते एक प्रकारचे इतिहासलेखन आहे. लेखणीऐवजी तेथे कुंचला असतो, इतकेच.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत मोठे स्मारक पुण्यास आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून कोथरूड येथे उभे राहिलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे वाफेची, डिझेलची व विजेची गाडी धावते, टांगती रेल्वे आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे. आणि साठांहून अधिक सिग्नल, शिवाय दिव्याचे खांब, कुंपणे व उड्डाणपूल आहेत. गाड्या धावू लागल्या की मुले टाळ्या वाजवितात. परंतु ते नगर खरे वाटते, ते या खांबांमुळे आणि कुंपणांमुळे.

असे नगर मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करावयाचा, त्यावर मोहरी वा अळीव पेरून हिरवळ उगवावयाची, पायथ्याशी गवळण व शेतकरी आणि बुरुजावर मावळे मांडावयाचे, ही आपली परंपरा प्रतिकृती-मांडणीचीच नव्हे काय? सावंतवाडीच्या चितारांनी लाकडी खेळण्यांवर चढविलेला रंग, नागपूरकडील तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, आणि आपल्या छत्तीसगडात पोळ्याला घरोघरी येणारे मातीचे नांदिया बैल व चिमुकली जाती-भांडी, ही सारी एकाच कुळातील. हातात कसब आहे, डोळ्यांना सवय आहे. फक्त विषय नवा घ्यावयाचा आहे.

आणि तो विषय आपल्या दारातच होता. बंगाल नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग नागपूरहून आसनसोलपर्यंत १८९१ साली पूर्ण झाला आणि रायपूर देशाच्या नकाशावर ठळक झाले. त्यानंतर १९०० साली रायपूर-धमतरी ही अडीच फुटी लहान लाइन सुरू झाली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला गेला. तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद अशी स्टेशने घेत ती गाडी शंभरांहून अधिक वर्षे धावली. तिने धान वाहिले, लाकूड वाहिले, आणि माघी पौर्णिमेस राजीवलोचनाच्या दर्शनाला निघालेली यात्रा वाहिली. २०१७ साली रायपूर शहरातील तिचे रूळ उखडले गेले व त्या जागी द्रुतगती मार्ग आला. उरलेली लहान लाइनही पुढे बंद झाली. ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर अशी मेमू गाडी सुरू झाली, ती मोठ्या रुळांवरून आणि निराळ्या वाटेने. ही प्रगतीच होय आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु लहान लाइनीच्या स्टेशनातील बाक, कंदील, तिकिटाची खिडकी, पिवळ्या फलकावरील काळी अक्षरे व त्याखाली लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची, हे सर्व त्या मेमूबरोबर परत येणार नाही.

येथे गणिताने मोठी सोय करून ठेवली आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर; त्यास ८७ने भागले असता पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात ‘एन’ नावाने नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात, ते आपल्या धमतरी लाइनीस जवळजवळ तंतोतंत बसतात. उलट आपल्या ब्रॉडगेजला, म्हणजे साडेपाच फुटांना, या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात आणि ‘एचओ’चे तयार रूळ साडेसोळांचेच असतात. म्हणजे ज्या लाइनीला सर्वांनी लहान म्हटले, तिचेच चित्र अधिक अचूक उतरू शकते.

रूळ विकत मिळतील. इंजिनाचे आराखडेही कोठेतरी सापडतील. मिळणार नाहीत ते रंग. कुरूदच्या स्टेशनाच्या दाराला कोणता रंग होता, राजिमच्या यात्रेकरूचे गाठोडे कसे बांधलेले असे, गार्डाच्या डब्याची पायरी कोठे झिजली होती, हे कोणत्याही फाइलीत सापडणार नाही. ते केवळ त्या गाडीने प्रवास केलेल्यांच्या स्मरणात आहे. आपल्या मंडळाच्या परिवारात असे पुष्कळजण आहेत; काही घरांत तर दोन-दोन पिढ्या रेल्वेच्या नोकरीत गेल्या आहेत. स्मरण हे दप्तर मात्र असे आहे की, ज्याच्याजवळ ते असते त्याच्याबरोबरच ते बंद होते.

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मोठमोठे संकल्प सोडले जातात आणि ते योग्यच आहे. त्यांत एका लहान संकल्पाची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. मंडळाच्या एखाद्या खोलीत, दोन टेबले जोडून होईल एवढ्याच जागेत, धमतरी लाइनीचे एक स्टेशन उभे करावे. वडीलधाऱ्यांनी सांगावे, मुलांनी रंगवावे. बाकाचा रंग चुकला तर आजोबांनी तो खरवडून पुन्हा द्यावयास लावावा. त्या वादातून जे नक्की ठरेल, ते एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. एकोणीस मिलिमीटरांचा एक हमाल, लाल सदरा व दंडावर पितळी ठिपका लावून, त्या फलाटावर उभा राहिला, तर शतकभर ओझी वाहिलेल्या खऱ्या हमालांची निदान एवढी तरी नोंद आपल्या दप्तरी होईल.