युरोप, काटकसर आणि भाजणीचा डबा

मराठी माणूस युरोपला गेला तरी सोबत डबा घेऊन जातो, अशी आपली थट्टा होत असते. आयफेल टॉवरखाली बसून दशम्या खाणाऱ्या काका-काकूंचे विनोद आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवल्यामुळे मला मात्र कुठल्याही गोष्टीची सुरुवात कधी झाली हे शोधायची खोड लागली आहे. या डब्याची सुरुवात शोधत गेलो, तर थेट १७८१ सालापर्यंत पोचलो.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, पुढे राघोबादादांनी पेशवेपदासाठी इंग्रजांचा हात धरला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. दादांनी आपली बाजू मांडायला थेट लंडनला माणसं पाठवली होती, हे सहसा पाठ्यपुस्तकात नसतं. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण, आणि त्यांच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा. परक्या शहरात त्यांचे फार हाल झाले. सोवळ्याने शिजवून खायचं तर जागा कुठली मिळणार? तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी घेऊन गेले आणि बागेतलं काचघर, म्हणजे नाजूक झाडं थंडीपासून जपण्यासाठी बांधतात ते, त्यांना स्वयंपाकासाठी मोकळं करून दिलं. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोगाचा खटला चालवणारे तेच हे बर्क. मराठी माणसाने युरोपात मांडलेली ही बहुधा पहिली चूल.

हणमंतराव परत आले तेव्हा समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना शुद्धीकरणाचा विधी करावा लागला. त्या काळी विलायतेच्या खर्चात जहाजाचं भाडं एकीकडे आणि जातीत परत येण्याचा खर्च दुसरीकडे, असा दुहेरी हिशोब असे.

युरोपात नुसतं राहणं किती महाग, हे रंगो बापूजींच्या हकिकतीवरून कळतं. इंग्रजांनी १८३९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले ते जवळजवळ चौदा वर्षं तिथेच अडकले. १८४७ साली महाराज काशीला वारले. पैशाचा ओघ आटला, कर्ज झालं. शेवटी ज्या ईस्ट इंडिया कंपनीशी भांडायला ते गेले होते, तिनेच त्यांच्या परतीची सोय केली, आणि १८५३ साली त्यांनी लंडन सोडलं. ही काही सहल नव्हे. पण रोजचा खर्च माणसाला कसा पोखरतो, ते यातून दिसतं.

स्वस्तात युरोप बघण्याचा खरा धडा मला सापडला तो गांधीजींच्या 'सत्याच्या प्रयोगां'त. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले, तेही जातीचा बहिष्कार पत्करून. लंडनमध्ये सुरुवातीला थोडे दिवस साहेबी थाट झाला. मग त्यांनी पैन् पैचा हिशोब लिहायला घेतला. दोन खोल्या सोडून एक खोली घेतली. एक स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच करायचा, दुपारी बाहेर जेवायचं, रात्री पाव आणि कोको. जेवणखाण दिवसाला एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागू लागलं. गाडीभाडं वाचवण्यासाठी ते रोज आठ-दहा मैल चालत.

याच काळात ते पॅरिसला मोठं प्रदर्शन बघायला गेले. १८८९ साली आयफेल टॉवर उभा राहिला तो या प्रदर्शनासाठीच. गांधीजींची ही सहल मी आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नेहमी सांगतो. त्यांनी एकच शहर ठरवलं. तिथल्या एका शाकाहारी खानावळीतच खोली घेतली. सात दिवस राहिले. शहराचा नकाशा हातात धरून बहुतेक सगळं पायी पाहिलं. आणि एवढी काटकसर करणाऱ्या माणसाने एक चैनही केली. टॉवरवरच्या उपाहारगृहात सात शिलिंग खर्च करून जेवण घेतलं, केवळ एवढ्या उंचीवर आपण जेवलो असं म्हणता यावं म्हणून!

तीसेक वर्षांनी, १९२० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज, एवढ्यावर सगळं निभवायचं होतं. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वाचन चाले. घरमालकीण जेवायला घालण्यात हात आखडणारी होती. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून ते खात. आपण सामानात पापडाचं पुडकं टाकतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

स्वातंत्र्यानंतर अडचण वेगळीच झाली. खिशात रुपये असले तरी ते परदेशात चालत नव्हते. १९५७ च्या सुमारास देशाच्या परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि निर्बंध कडक झाले. रिझर्व्ह बँकेकडून 'पी फॉर्म' मंजूर झाल्याशिवाय परदेशाचं तिकीटच काढता येत नसे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. सत्तरच्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाला हातात मिळत आठ डॉलर. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हा आठाचा आकडा त्यांना अजून पाठ असतो. पुढे फॉरेन ट्रॅव्हल स्कीम आली, तिच्यात ५०० डॉलर मिळत, पण तेही दरवर्षी नाही, काही वर्षांतून एकदा.

पु. लं.ची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली ती या परिस्थितीत. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी युरोप पाहिला तो त्या पानांतून. प्रत्यक्ष जाणारे थोडे, आणि त्यातलेही बरेचसे नातेवाइकांकडे उतरणारे. आठ डॉलरमध्ये हॉटेल परवडणार नव्हतंच. मग आत्याच्या घरी लंडनला महिनाभर राहायचं आणि बदल्यात मसाले, लोणचं, पापड न्यायचे. म्हणजे पुन्हा कुणाचं तरी स्वयंपाकघर आलंच.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपच्या गटसहली वाढू लागल्या. ही कल्पनाही मुळात गरिबांसाठीच जन्मली होती. थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला माणशी एक शिलिंग घेऊन पाचेकशे लोकांना आगगाडीने नेलं होतं. आपल्याकडे मराठी सहल कंपन्यांनी तिच्यात वरणभाताची भर घातली. भाषेची भीती, खाण्याची भीती, चुकण्याची भीती, तिन्हींवर एकच औषध मिळालं. किती निवृत्त कारकून, शिक्षक, नर्सबाई त्यामुळे आल्प्स पाहून आल्या! त्यांचं ऋण मोठं आहे.

पण पंधरा दिवसांत दहा देश, ही पद्धत आली कुठून? माझं मत असं, की ती चलनटंचाईच्या काळाची सवय आहे. परवानगी एकदाच मिळणार, चलन एकदाच मिळणार, मग एकदाच जायचं आणि सगळं उरकून यायचं. तो काळ संपला. फेरा कायदा जाऊन १ जून २००० पासून फेमा लागू झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आपल्या मुलुंड-बोरिवलीच्या पेन्शनरला एवढे डॉलर घेऊन करायचंय काय! कायद्याचा अडसर गेला, पण एकदाच जाऊन सगळं उरकण्याची घाई मात्र राहिली.

आणि नेमकी ही घाईच महाग पडते. दर दोन दिवसांनी गाव बदललं की गाडीभाडं आलं, सामानाची ओढाताण आली, अर्धा दिवस प्रवासात गेला. एका रात्रीच्या हॉटेलात चूल नसते, म्हणून तिन्ही त्रिकाळ बाहेरचं विकत घ्यायचं. एका जागी आठवडाभर राहिलं, तर छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळते, बाजारातून भाजी आणता येते, आठवड्याचा पास काढता येतो. पॅरिसचा साप्ताहिक पास सोमवार ते रविवार असतो, तेव्हा रविवारी पोचणं सोयीचं. तिथल्या महापालिकेच्या संग्रहालयांचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो. शहराचा इतिहास सांगणारं कार्नावाले त्यातलंच. उलट लूव्र संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं आहे. तेव्हा तिथे जायचं तर पूर्ण दिवस काढून जायचं.

एका शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात. त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटन त्यात नाही. म्हणजे लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत घातलं की दोन व्हिसांचा खर्च आला. लंडन वेगळं ठेवावं हे बरं.

राहण्यासाठी युथ हॉस्टेलचाही विचार करावा. ही कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांची. १९०९ साली ते मुलांना पायी सहलीवर घेऊन गेले असताना वादळात सापडले आणि एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत सहलीच्या मुलांना झोपू द्यावं, असं त्यांना तेव्हा सुचलं. आता नावात 'युथ' असलं तरी पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या केसांना मज्जाव नाही, आणि बऱ्याच हॉस्टेलांत सगळ्यांसाठी सामाईक स्वयंपाकघर असतं.

आमची सौ. आणि मी सध्या वही घेऊन बसतो. मुलगा म्हणतो, बाबा, पैसे मी देतो, टूरने जा. त्याचं प्रेम कळतं, पण आयुष्यभर मुलांना नकाशे वाचायला शिकवलं, तर एकदा आपलाही नकाशा वाचून पाहावा, आणि तोही स्वतःच्या पेन्शनीवर. बेत असा आहे : सप्टेंबरअखेर निघायचं, म्हणजे गर्दी कमी आणि थंडीही बेताची. पॅरिसला सात दिवस. मग रेल्वेने लक्झेंबर्ग, तिथे चार दिवस. तिथली सार्वजनिक वाहनं २०२० पासून सगळ्यांना फुकट आहेत, त्यामुळे मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावाला बसने जाता येईल. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी जिथे सीमा खुल्या करण्याचा करार केला ते हेच गाव. ज्याच्या नावाच्या व्हिसासाठी एवढे कागद गोळा करायचे, ते गाव बघायला नको का?

सामानाची यादी सौ.ने केली आहे. भाजणी, पोहे, मेतकूट, पापड. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे बाद. खर्चाच्या पानावर विमान, व्हिसा, विमा, खोली, रेल्वे आणि बाजार अशी सहा कलमं होती. काल तिने खाली सातवं लिहिलं : टॉवरवरचं जेवण, दोघांचं. आकडा अजून घातलेला नाही.