पिडनाची दुपार

इ.स.पू. १६८, २१ जूनची रात्र. मॅसिडोनियातल्या पिडना गावाजवळ दोन छावण्या समोरासमोर, मध्ये नदीची उथळ धार. इकडे राजा पर्सियस, तिकडे साठीचा रोमन सेनापती एमिलियस पॉलस. भरला चंद्र काळवंडू लागला. ग्रहण सुटावं म्हणून रोमन शिपायांनी भांडी बडवली, मशाली आभाळाकडे धरल्या. मॅसिडोनियन छावणीत कुजबुज पसरली, हे राजालाच लागलेलं ग्रहण. माझं म्हणणं, पर्सियसचा घात चंद्राने केला नाही.

पहाट. पॉलस हेराक्लिसला बैल वाहतो. वीस बैल झाले तरी कौल नाही. एकविसाव्याला मिळतो: चढाई करू नका, समोरून आलेला वार झेला, जय तुमचा.

सकाळ. ऊन रोमनांच्या डोळ्यांवर. पॉलस उन्हं कलायची वाट पाहत बसून.

तीनच्या सुमारास. इतिहासकार लिव्ही सांगतो, रोमनांचं एक जनावर सुटून नदीत शिरलं. पाणी गुडघाभर. तिघे शिपाई मागे धावले; पलीकडच्या दोन थ्रेशियनांनी ते आपल्याकडे ओढलं. त्या थ्रेशियनांतला एक तिथेच मारला गेला. त्याच्यासाठी त्याचे सोबती धावले, मग इकडचे. एवढ्यावरून दोन राज्यांची लढाई पेटली.

पुढचा तास. वीसेक फुटी भाल्यांची भिंत चाल करून येते. रोमनांच्या पेलिग्नी तुकडीचा सॅल्वियस आपलं निशाण शत्रूत भिरकावतो. ते परत आणायला त्याची माणसं भाल्यांवर तुटून पडतात, पाती नुसत्या हातांनी बाजूला सारतात आणि मरतात. ती भाल्यांची भिंत पाहून अंगावर काटा आला, असं पॉलसने नंतर अनेकदा सांगितलं. रोमन टेकडीकडे हटले, आणि इथेच पारडं फिरलं. जमीन उंचसखल, भिंतीत फटी पडल्या. पॉलसने लहान लहान टोळ्या त्या फटींत घुसवल्या. अंगाशी आलेल्या माणसापुढे लांब भाला काय कामाचा? हाती उरला छोटा सुरा, समोर रोमन तलवार आणि भली मोठी ढाल.

आणि राजा? इतिहासकार पॉलिबियस म्हणतो, यज्ञाचं निमित्त करून तो गावात निघून गेला. पॉसिडोनियस म्हणतो, घोड्याची लाथ बसलेली असतानाही तो लढला. दुसरं खरं असावं असं मनापासून वाटतं. पण त्याचं घोडदळ जवळपास शाबूत निसटलं, हे मला विसरता येत नाही.

संध्याकाळ. निवडक ३,००० भालाईत जागचे हलले नाहीत, तिथेच कापले गेले. एकूण सुमारे २०,००० मॅसिडोनियन मेले. रोमन शंभराच्या आत-बाहेर.

रात्र, राजधानी पेल्लाची वाट. पायदळातले वाचलेले लोक घोडेस्वारांना भेकड म्हणून शिव्या देतायत. राजा वाट सोडतो. ओळख पटू नये म्हणून जांभळा झगा काढून पुढ्यात धरतो, मुकुटाची पट्टी हातात घेतो. मग घोड्यावरून उतरून लगाम धरून चालतो. सोबत्यांपैकी एक जोड्याचा बंद बांधायला थांबतो, दुसरा घोड्याला पाणी पाजायला, तिसऱ्याला तहान लागते. त्यांना भीती शत्रूची नाही, राजाची आहे.

पेल्लात दोन खजिनदार स्पष्ट बोलले. राजाने दोघांना स्वतःच्या हाताने भोसकलं. त्यानंतर सोबत उरले ते बहुतेक क्रीटचे भाडोत्री सैनिक, खजिन्यावर डोळा ठेवून.