ब्लॅकमूर : सूत्रधाराने बदललेले नियम

१/ १९७१. अमेरिकेतील मिनेसोटात डेव्ह आर्नेसन यांनी मित्रांसाठी ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक राज्य रचले. किल्ला, गाव, किल्ल्याखाली भुयारे. प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकच पात्र चालवी; आर्नेसन सूत्रधार.

२/ लढतींसाठी त्यांनी ‘चेनमेल’ ही युद्धखेळाची नियमावली घेतली. तीत साधा योद्धा एकाच घावात मरे. येथे मात्र खेळाडूंचा जीव पात्रांत गुंतला होता. म्हणून आर्नेसन यांनी नियम बदलला: पात्राला अनेक घाव सोसण्याचे बळ गुणांत मोजून दिले.

३/ ‘चेनमेल’चे सहलेखक गॅरी गायगॅक्स यांना हा खेळ भावला. १९७४ मध्ये दोघांच्या नावे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला: तीन पुस्तिका, पहिल्या १,००० प्रती. अखेरीस वाचकांना आवाहन होते, पुढची कल्पना तुम्हीच लढवा. आपल्या मेळ्यासाठी नियम बदलणारा आजचा सूत्रधार याच परंपरेचा वारस आहे.